रक्त शरीराबाहेर, जिवंत पेशी यंत्रात : अशा उपकरणाचा दावा कसा तपासावा

यकृत किंवा मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त शरीराबाहेर काढायचे, जिवंत पेशी भरलेल्या कार्ट्रिजमधून फिरवायचे आणि पुन्हा त्याच्या शरीरात सोडायचे, अशा उपकरणांच्या बातम्या गेली तीस-पस्तीस वर्षे अधूनमधून येत असतात. त्यातल्या बहुतेक बातम्या खोट्या नसतात. उपकरण खरोखर असते, ते रुग्णांना लावलेले असते आणि त्यातले काही रुग्ण बरेही झालेले असतात. तरीही यकृतासाठीच्या अशा एकाही पेशीयुक्त उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएकडून, म्हणजे तेथील औषधे व उपकरणांच्या सरकारी नियामकाकडून, विक्रीची मान्यता आजवर मिळालेली नाही. रुग्ण बरा होणे आणि तो पेशींमुळे बरा होणे या दोन गोष्टींत जे अंतर आहे, ते या साऱ्या इतिहासात फार महागात पडले आहे. आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक, आरोग्यविषयक लेखन करणारे पत्रकार आणि या क्षेत्रात पाऊल टाकणारे विद्यार्थी अशा सर्वांना ते अंतर स्वतः मोजता यावे, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

पेशींची गरज का भासली, हे आधी नीट समजून घ्यावे. डायलिसिसमध्ये रक्तातील लहान रेणू पातळ सच्छिद्र पटलातून पलीकडच्या द्रवात उतरतात आणि युरिया, क्रिएटिनिन, जादा पोटॅशियम निघून जाते. यकृताचे काम एवढ्यावर भागत नाही. अमोनियाचा युरिया करणे, रक्त गोठण्यासाठी लागणारी प्रथिने घडवणे, औषधांचे विघटन करणे, बिलिरुबिनला (काविळीत साठणाऱ्या पिवळ्या द्रव्याला) पाण्यात विरघळेल असे रूप देऊन पित्तात सोडणे ही सगळी रासायनिक घडामोड आहे. गाळणीने गाळता येते, शिजवता येत नाही. म्हणूनच १९६५ साली अमेरिकेत बेन आइझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृतविकाराने बेशुद्ध झालेल्या रुग्णांचे रक्त डुकराच्या अख्ख्या यकृतातून फिरवून पाहिले आणि १९८७ साली कॅलिफोर्नियातील केनेथ मात्सुमुरा यांनी सशाच्या सुट्या यकृतपेशी वापरलेल्या यंत्राचा एका रुग्णावरील अनुभव प्रसिद्ध केला. कल्पना तेव्हाही योग्य होती आणि आजही योग्य आहे. तपासायची असते ती त्या कल्पनेची विशिष्ट यंत्रातली अंमलबजावणी.

सर्व तपासणीच्या मुळाशी एकच प्रश्न ठेवावा : याच यंत्रात पेशी नसत्या, तर निकाल काय लागला असता? पुढची प्रत्येक पायरी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

आधी आकृती काढावी

शोधनिबंध असो, कंपनीचे पत्रक असो वा वृत्तपत्रातील बातमी असो, तिच्यातील वर्णनावरून रक्ताचा मार्ग कागदावर काढून पाहावा. आकृती काढता येण्याइतका तपशील बातमीत नसेल, तर मूळ शोधनिबंध मिळेपर्यंत मत बनवू नये.

साधारण मार्ग असा असतो. मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत दोन मार्गांचा कॅथेटर घालतात आणि पंप रक्त बाहेर ओढतो. रक्त नळ्यांत गोठू नये म्हणून हेपॅरिन किंवा सायट्रेट मिसळतात. बऱ्याच यंत्रांत पुढे रक्तपेशी आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा द्रव भाग, वेगळे केले जातात. रक्तपेशी लगेच परत फिरतात आणि पिवळसर प्लाझ्मा एकटाच पुढच्या फेऱ्याला जातो. तेथे काही यंत्रांत सक्रिय कोळशाचा स्तंभ असतो, मग प्लाझ्मा ३७ अंशांपर्यंत गरम करण्याची सोय आणि ऑक्सिजन मिसळणारा भाग असतो, आणि त्यानंतर पेशींचे कार्ट्रिज येते. कार्ट्रिज म्हणजे प्लॅस्टिकचे पारदर्शक नळकांडे. त्यात दोन-तीन केसांच्या जाडीचे हजारो पोकळ तंतू उभे भरलेले असतात. बहुतेक रचनांत प्लाझ्मा तंतूंच्या आतून वाहतो आणि पेशी तंतूंच्या बाहेर, नळकांड्याच्या मोकळ्या जागेत असतात. दोघांमध्ये तंतूची सच्छिद्र भिंत असते. अमोनिया, ऑक्सिजन, साखर, प्रथिने या भिंतीतून ये-जा करतात, पेशींना मात्र ओलांडता येत नाही. परतीच्या वाटेवर सुटून आलेली एखादी पेशी अडवण्यासाठी आणखी एक फिल्टर असतो आणि मग प्लाझ्मा रक्तपेशींना मिळून रुग्णाकडे परततो.

आकृती पूर्ण झाली, की प्रत्येक भागासमोर लिहावे : पेशी काढून टाकल्या तरी हा भाग रक्ताला काय करील? कोळसा अनेक विषारी द्रव्ये स्वतःच शोषून घेतो. पटलाच्या पृष्ठभागाला प्रथिने आणि पांढऱ्या पेशी चिकटतात. यंत्र भरण्यासाठी वापरलेल्या द्रवाने रक्त पातळ होते आणि काही द्रव्यांचे प्रमाण काही न करताच खाली आलेले दिसते. रक्त बाहेर फिरताना थंड पडते आणि त्यामुळे रक्तदाबावर परिणाम होतो. हेपॅरिनमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि रक्त नळ्यांतून फिरल्याने प्लेटलेट कमी होतात. रोगी यकृतामुळे आधीच रक्त गोठण्याची क्षमता घटलेल्या माणसाला हा तोटा क्षुल्लक नसतो. जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू याच आकृतीवर मांडाव्यात.

भिंतीच्या छिद्रांचा आकारही आकृतीवर नोंदवावा. छिद्रे मोठी असतील, तर अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन आणि त्याला चिकटून फिरणारे बिलिरुबिन पेशींपर्यंत पोचते आणि पेशींनी बनवलेली प्रथिने रुग्णाला मिळतात. पण मग रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडेही परक्या पेशींपर्यंत पोचतात आणि पेशींकडचे विषाणू रुग्णापर्यंत येऊ शकतात. छिद्रे लहान असतील, तर सुरक्षितता वाढते आणि देवाणघेवाण घटते. दोन्ही फायदे एकदम सांगणाऱ्या पत्रकात छिद्रांचा आकार दिला आहे का, हे मुद्दाम शोधावे.

पेशी कोणत्या, किती, आणि नेमके काय करणाऱ्या

पेशी साधारणतः तीन ठिकाणांहून येतात : प्राण्यांपासून, विशेषतः डुकरापासून, प्रत्यारोपणासाठी नाकारलेल्या मानवी अवयवांपासून, किंवा प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशीवंशांपासून.

डुकराच्या पेशी ताज्या मिळतात आणि त्यांची रासायनिक क्षमताही चांगली असते. प्रश्न विषाणूंचा आहे. डुकराच्या प्रत्येक पेशीच्या जनुकसंचातच काही रेट्रोव्हायरस (पेशीच्या जनुकांत स्वतःची प्रत मिसळणारे विषाणू) मुरलेले असतात. ते मानवी पेशींना प्रयोगशाळेत लागण करू शकतात, असे १९९७ साली इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवल्यावर या सबंध क्षेत्रात खळबळ उडाली. पुढे १९९९ साली डुकराच्या ऊतींशी संपर्क आलेल्या १६० रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्यापैकी कोणालाही अशी लागण झाल्याचे आढळले नाही. तरी सरकारे सावध राहिली. आम्स्टरडॅममध्ये विकसित झालेले डुकराच्या पेशींचे यंत्र रुग्णांवर प्रथम वापरले गेले ते इटलीत, कारण नेदरलँड्समध्ये प्राण्यांच्या पेशींच्या अशा वापरावर निर्बंध होते. एखाद्या देशातील संशोधकांनी चाचणी दुसऱ्या देशात का केली, याचे कारण नेहमी शोधून काढावे. ते गैर असतेच असे नाही, पण ते माहीत असायला हवे.

पेशीवंशांची गोष्ट अधिक बोधक आहे. 'एलाड' या यंत्रातील सी३ए नावाच्या मानवी पेशी यकृताच्या एका गाठीपासून निघालेल्या वंशातल्या होत्या. त्या अमाप वाढवता येतात, अल्ब्युमिन बनवतात, आणि त्यांच्याभोवतीच्या द्रवात युरियाही सापडतो. युरिया सापडला म्हणजे अमोनिया नष्ट होतो आहे, असे कोणालाही वाटेल. लंडनमधील संशोधकांनी २००७-०८ च्या सुमारास तपासून दाखवले, की अमोनियाचा युरिया करणाऱ्या चक्रातील दोन महत्त्वाची विकरे (एन्झाइम) या पेशींत जवळपास कामच करत नाहीत. दिसणारा युरिया वेगळ्या वाटेने, आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तयार होत होता आणि अमोनिया जिथल्या तिथेच राहत होता. यकृतविकाराने बेशुद्ध होत चाललेल्या रुग्णात मेंदूला सर्वाधिक त्रास अमोनियाचा होतो, हे ध्यानात घेतले तर या एका निष्कर्षाचे वजन कळते. म्हणून 'पेशी युरिया तयार करतात' या वाक्यावर समाधान मानू नये. कार्ट्रिजमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या प्लाझ्मातील अमोनिया प्रत्यक्ष किती होता, हा आकडा मागावा. आत आणि बाहेर अशा दोन्ही मापांशिवाय पेशींच्या कामाचा कोणताही दावा मला अपुरा वाटतो.

संख्येचा हिशेब कोणालाही करता येतो. प्रौढ माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलोचे असते आणि त्यात शंभर ते दोनशे अब्ज यकृतपेशी असतात. कार्ट्रिजमध्ये सात अब्ज किंवा दहा अब्ज पेशी आहेत असे वाचले की आकडा प्रचंड वाटतो, पण तो यकृताच्या फार तर दहाव्या हिश्शापर्यंत जातो. शिवाय पेशी गोठवून ठेवलेल्या असतील, तर वितळवल्यावर त्यातल्या किती जिवंत राहिल्या आणि उपचाराच्या शेवटी किती उरल्या, हेही पाहावे लागते.

ऑक्सिजनचा हिशेब पेन्सिलीने करावा

हा भाग बातम्यांत कधीच नसतो आणि पुष्कळ यंत्रांचे दुखणे इथेच असते. विश्रांतीत आपले शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरते आणि त्याचा जवळपास पाचवा भाग, म्हणजे ५० मिलिलिटर, यकृताला लागतो. यंत्रात यकृताच्या पाच ते दहा टक्के पेशी असतील, तर त्यांना मिनिटाला अडीच ते पाच मिलिलिटर ऑक्सिजन हवा.

आता पुरवठा पाहू. एक लिटर रक्त सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते, कारण त्यात हिमोग्लोबिन असते. प्लाझ्मात हिमोग्लोबिन नसते, त्यामुळे धमनीतल्या नेहमीच्या दाबाला एक लिटर प्लाझ्मात जेमतेम तीन मिलिलिटर ऑक्सिजन विरघळतो. कार्ट्रिजमधून मिनिटाला २०० मिलिलिटर प्लाझ्मा जात असेल, तर पेशींपर्यंत फार तर ०.६ मिलिलिटर पोचेल. गरज अडीच ते पाचची आणि पुरवठा अर्ध्या मिलिलिटरच्या वर थोडासा, म्हणजे पेशी गुदमरणार. शुद्ध ऑक्सिजनने प्लाझ्मा संपृक्त केला, तर हा पुरवठा पाच-सहा पट वाढतो आणि कसाबसा गरजेच्या जवळ येतो. म्हणून चांगल्या रचनांत ऑक्सिजनेटर कार्ट्रिजच्या अगदी आधी असतो, पेशींच्या भागातून प्लाझ्मा अधिक वेगाने पुन्हापुन्हा फिरवला जातो किंवा ऑक्सिजनच्या वेगळ्या नळ्या पेशींमधूनच नेलेल्या असतात. आकृतीत यांपैकी काहीच दिसत नसेल, तर पेशींची जाहीर केलेली संख्या आणि प्रत्यक्ष काम करणारी संख्या यांत मोठी तफावत असणार, असे समजून पुढे वाचावे.

तुलना कोणाशी झाली

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. मूत्रपिंडासाठीच्या यंत्राची हकीकत या बाबतीत इतकी शिकवणारी आहे, की ती सविस्तर सांगणे भाग आहे.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील डॉ. डेव्हिड ह्यूम्स यांनी मूत्रपिंडाच्या नलिकांमधील मानवी पेशी पोकळ तंतूंच्या आतल्या बाजूला वाढवल्या. या पेशी प्रत्यारोपणास अयोग्य ठरलेल्या मूत्रपिंडांतून मिळवलेल्या होत्या. कार्ट्रिज नेहमीच्या सततच्या डायलिसिसच्या मंडलाला, म्हणजे रक्त फिरवणाऱ्या नळ्यांच्या साखळीला, जोडले जाई. २००४ साली दहा रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध झाला. २००८ साली ५८ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. ४० रुग्णांना पेशींचे यंत्र जोडले होते आणि १८ जणांना फक्त सततचा डायलिसिस दिला होता. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत पहिल्या गटात ३३ टक्के आणि दुसऱ्या गटात ६१ टक्के रुग्ण दगावले होते. हे आकडे वाचून कोणालाही वाटावे, की पेशींनी माणसे वाचवली.

त्या चाचणीत नियंत्रण गटाला, म्हणजे तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटाला, केवळ डायलिसिस होता. पेशी नसलेले, पण तसेच कार्ट्रिज त्यांना जोडलेले नव्हते. पुढच्या टप्प्यातील चाचणी पेशींच्या उत्पादनाच्या आणि चाचणीच्या रचनेच्या अडचणींमुळे पूर्ण होऊ शकली नाही, पण तिच्यात पेशीविरहित कार्ट्रिजही वापरली गेली होती. त्यांचा अभ्यास करताना असे दिसले, की सायट्रेट वापरून रक्तातील मुक्त कॅल्शियम कमी ठेवले असताना रुग्णाच्या स्वतःच्या चवताळलेल्या पांढऱ्या पेशी तंतूंच्या बाहेरच्या पृष्ठभागाला चिकटतात, तिथे त्यांची दाहकता उतरते आणि त्या पुन्हा रक्तात मिसळतात. जंतुसंसर्गाने अनेक अवयव निकामी होत असलेल्या रुग्णात हा परिणाम स्वतःच लाभदायक ठरू शकतो. ज्या प्रयोगशाळेने वर्षानुवर्षे मूत्रपिंडाच्या पेशी जोपासल्या, तिनेच रिकामे कार्ट्रिज गांभीर्याने तपासले आणि त्यातून नवे, बाहेरच्या पेशी मुळीच नसलेले उपकरण घडवले. वैज्ञानिक प्रामाणिकपणाचे याहून चांगले उदाहरण या क्षेत्रात मला माहीत नाही.

त्या उपकरणाची पुढची वाटचालही सरळ नव्हती. प्रौढ रुग्णांवरील १३४ जणांच्या चाचणीत एकूण मृत्युदरात फरक दिसला नाही. अमेरिकेत त्या काळात कॅल्शियमच्या इंजेक्शनांचा तुटवडा पडला आणि पुष्कळ रुग्णांत कॅल्शियमची पातळी ठरल्याप्रमाणे राखता आली नाही. ज्यांच्यात ती राखली गेली, त्या छोट्या उपगटात निकाल चांगले दिसले. उपकरण केवळ पटलामुळे चालत नसून पटल आणि कमी कॅल्शियम या जोडीमुळे चालते, हे यावरून पुढे आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'क्वेलिम्यून' या नावाने ते मूत्रपिंडाची तीव्र इजा आणि जंतुसंसर्ग असलेल्या, किमान दहा किलो वजनाच्या मुलांसाठी एफडीएने मान्य केले. ती मान्यता विशिष्ट प्रकारची आहे आणि तिच्याकडे पुढे येऊ.

या हकिकतीवरून नियम घ्यावा तो असा. पेशींचा गुण सिद्ध करायचा असेल, तर एका गटाला पेशींसह यंत्र आणि दुसऱ्या गटाला अगदी तेच यंत्र पेशींशिवाय जोडले पाहिजे. गंभीर रुग्णाला असे रिकामे यंत्र जोडणे नैतिकदृष्ट्या अवघड असते, हे खरे. त्याचे कॅथेटर, रक्त पातळ ठेवणारे औषध आणि रक्तस्राव यांचे धोके खरेखुरे असतात. म्हणून बहुतेक चाचण्यांत नियंत्रण गटाला नेहमीचे उपचार एवढेच मिळतात. अशा चाचणीचा निकाल चांगला आला, तर संपूर्ण मंडल उपयोगी ठरले एवढेच म्हणावे. श्रेय पेशींना देऊ नये.

आकडे वाचताना

यकृताच्या बाबतीत दोन चाचण्या वाचायला शिकलात, तर बाकीच्या वाचता येतील. पहिली 'हेपॅटअसिस्ट' या यंत्राची, २००४ साली प्रसिद्ध झालेली. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातील अकिलीज डेमेट्रिऊ यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका आणि युरोपातील १७१ रुग्ण तिच्यात घेतले होते. यंत्रात डुकराच्या सात अब्ज गोठवून ठेवलेल्या यकृतपेशी आणि त्यांच्याआधी कोळशाचा स्तंभ होता. तीस दिवसांनी यंत्राच्या गटात ७१ टक्के आणि नियंत्रण गटात ६२ टक्के रुग्ण जिवंत होते. नऊ टक्क्यांचा हा फरक योगायोगानेही पडू शकतो, असे संख्याशास्त्राने सांगितले. शिवाय बऱ्याच रुग्णांवर या तीस दिवसांतच यकृत प्रत्यारोपण झाले होते. नवे यकृत बसवल्यावर जगलेला माणूस यंत्रामुळे जगला की यकृतामुळे, हे जगण्याच्या एकत्रित आकड्यातून कळत नाही. म्हणून प्रत्यारोपणाशिवाय किती जण जगले, हा आकडा वेगळा शोधावा, आणि दोन्ही गटांत प्रत्यारोपण कधी व किती जणांवर झाले हेही पाहावे.

दुसरी 'एलाड'ची. मद्यपानामुळे यकृताला तीव्र सूज आलेल्या २०३ रुग्णांवरील चाचणीचा निकाल २०१५ साली जाहीर झाला आणि दोन्ही गटांच्या जगण्यात फरक आढळला नाही. नंतर आकडेवारीची पुन्हा छाननी करताना तरुण वयाच्या आणि आजाराची तीव्रता तुलनेने कमी असलेल्या रुग्णांत फायदा दिसला, म्हणून त्याच प्रकारच्या रुग्णांवर नवी चाचणी आखली गेली. २०१८ साली तीही अयशस्वी ठरली आणि त्या कंपनीने हे काम थांबवले. निकाल लागल्यावर शोधलेला उपगट ही केवळ पुढच्या चाचणीची कल्पना असते, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते. कंपनीने निदान ती कल्पना नव्या चाचणीवर घासून पाहिली, याचे श्रेय तिला द्यायला हवे.

जगण्याऐवजी रक्ततपासणीचे आकडे पुढे केले असतील, तर अधिक सावध व्हावे. बिलिरुबिन कोळशाने आणि प्लाझ्मा बदलल्यानेही उतरते. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, ताजा गोठवलेला प्लाझ्मा दिल्याने सुधारलेला दिसतो. शुद्धीची पातळी ठरवणारा डॉक्टर कोणत्या रुग्णाला यंत्र लावले आहे हे जाणून असेल, तर नकळत आशावादी गुण देण्याची शक्यता असते.

रुग्ण कोण होते

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये यकृत अचानक निकामी होण्याचे मोठे कारण पॅरासिटामॉलचा अतिरेक हे आहे. असे यकृत, रुग्ण पहिले काही दिवस तगला, तर पुष्कळदा स्वतःहून भरून येते. भारतात कारणे वेगळी आहेत. हिपॅटायटिस ई आणि ए, क्षयरोगावरील औषधे, आणि काही भागांत पिवळा फॉस्फरस असलेले उंदीर मारण्याचे मलम पोटात जाणे ही आपल्याकडची नेहमीची कारणे. तेव्हा परदेशी चाचणीतील टक्केवारी आपल्या रुग्णाला जशीच्या तशी लावू नये. आधी चाचणीतले रुग्ण कोणत्या कारणाने आजारी होते ते पाहावे आणि मगच तुलना करावी. तीव्र निकामी यकृत, जुन्या सिरॉसिसवर अचानक आलेली बिघाडाची लाट आणि मद्यजन्य सूज हे तीन वेगळे आजार आहेत. बातमीत ते सर्रास एकत्र केलेले असतात.

मान्यता आणि संमती

'एफडीए मान्यताप्राप्त' या शब्दांनंतर लगेच विचारावे : कोणत्या प्रकारची मान्यता? मुलांसाठीच्या ज्या उपकरणाचा उल्लेख वर आला, त्याला मिळालेली सवलत अमेरिकेत वर्षाला आठ हजारांपेक्षा जास्त लोकांना न होणाऱ्या आजारांसाठीच्या उपकरणांना दिली जाते. तिच्यासाठी सुरक्षितता आणि संभाव्य फायदा दाखवावा लागतो. परिणामकारकतेचा पूर्ण पुरावा लागत नाही. दुर्मीळ आजाराच्या मुलांसाठी असा मार्ग असणे योग्यच आहे, पण त्या मान्यतेच्या आधाराने प्रौढांसाठी जाहिरात होत असेल, तर ती दिशाभूल आहे.

भारतात एखादे रुग्णालय असे यंत्र वापरत असल्याचे सांगत असेल, तर दोनच शक्यता तपासाव्यात : यंत्र येथे मान्यताप्राप्त आहे, किंवा त्याची चाचणी चालू आहे. चाचणी असेल, तर तिचा सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. ही नोंदणी जून २००९ पासून बंधनकारक आहे आणि ती संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. नोंदीत चाचणीचे मुख्य उद्दिष्ट, नियंत्रण गटाचे उपचार आणि नोंदणीची तारीख पाहावी. रुग्ण घेण्यास सुरुवात झाल्यावर उद्दिष्ट बदलले असेल, तर ते तिथे दिसू शकते. २०१९ च्या औषध व चाचणी नियमांनुसार मूलपेशींपासून (इतर प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशींपासून) बनवलेली उत्पादने आणि प्राण्यांच्या ऊती औषध म्हणून वापरायच्या असतील, तर त्या 'नवीन औषधा'त मोडतात, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचे अप्रमाणित उपचार चाचणीबाहेर देणे मान्य नाही. मूलपेशींच्या यकृतयंत्रासाठी रुग्णाकडून लाखो रुपये मागितले जात असतील, तर नोंदणी क्रमांक आणि नीतिसमितीची मंजुरी हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

यकृतविकाराने गुंगीत गेलेला रुग्ण स्वतः संमती देऊ शकत नाही आणि ती जबाबदारी जवळच्या नातेवाइकावर येते. संमतिपत्र समजणाऱ्या भाषेत देणे चाचणी करणाऱ्यांवर बंधनकारक आहे, म्हणून मराठीतील प्रत मागून घ्यावी आणि घाई असली तरी ती पूर्ण वाचावी. त्यात पेशींचे मूळ, रक्तस्रावाचा धोका, प्राण्यांच्या पेशी असतील तर पुढे किती वर्षे रक्ततपासणी होत राहील, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देईल, हे लिहिलेले असले पाहिजे. कोणत्याही क्षणी चाचणीतून बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हेही त्यात स्पष्ट असावे.

या सगळ्या वाचनात वेळ घालवण्याआधी एक काम करावे. रुग्णाला यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या केंद्रात हलवायचे का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. तीव्र निकामी यकृतात तास महत्त्वाचे असतात आणि मेंदूला सूज आल्यावर रुग्णाला हलवणे धोक्याचे होते. महाराष्ट्रात मेंदुमृत दात्यांच्या यकृतांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत होते आणि अशा रुग्णांना प्राधान्य असते. घरातील कोणी यकृताचा भाग देऊ शकते का, याच्या तपासण्याही त्याच वेळी सुरू करता येतात. पेशींशिवायचा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार आपल्याकडे उपलब्ध आहे, आणि त्याच्या बाजूने २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १८२ रुग्णांच्या चाचणीचा पुरावा आहे. तिच्यात मोठ्या प्रमाणात प्लाझ्मा बदललेल्या गटातील ५८.७ टक्के आणि नियंत्रण गटातील ४७.८ टक्के रुग्ण रुग्णालयातून जिवंत घरी गेले. आपल्या रुग्णाला तो योग्य आहे का, हे विचारावे, आणि पेशींच्या यंत्राची चाचणी जवळपास चालू असेल, तर तिच्यात सहभागी झाल्याने प्रत्यारोपणाच्या यादीतील क्रमांकावर परिणाम होणार नाही, एवढे लेखी घेऊन मगच सही करावी.